नऊ मुक्या घंट्या

राज्य नवीन झालं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी घरी बसले होते. बी.एस्सी. होऊन वर्ष उलटलं होतं. रायपूर राजधानी झाल्यामुळे जो येईल तो म्हणायचा, "आता नोकऱ्याच नोकऱ्या." शंकर नगरात रोज एखाद्या बंगल्यावर नव्या ऑफिसची पाटी चढायची. जुन्या पाट्यांवरचं 'मध्य प्रदेश' पांढऱ्या रंगानं पुसून वर नवं नाव लिहिलेलं असायचं, आणि उन्हात तो रंग फुगला की खालची अक्षरं पुन्हा डोकं वर काढायची. मी दोन ठिकाणी फॉर्म भरले होते. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर वळली की मी दाराशी जाऊन उभी राहायचे. कुठल्याच कामात जीव लागत नव्हता. आई म्हणायची, "पाय भाजल्यावानी काहून फिरून राहिली घरात? बस ना एका जागी."

आमचे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. आजोबा भंडाऱ्याकडून आले, ते इथलेच झाले. बाबांमुळे मला लहानपणापासून तारा, बॅटऱ्या, जुने रेडिओ यांचं वेड होतं. बाजारात छोटे किट मिळायचे. प्लास्टिकच्या थैलीत सर्किटची एक छापील पाटी, पाच-सात पार्ट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीतलं चित्र बघून पार्ट पाटीवर झाळायचे, म्हणजे सोल्डर करायचे, की काहीतरी वाजतं किंवा लुकलुकतं. बाबांनीच सुचवलं, की आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहारात सुटीचा वर्ग घे, पोरं उन्हात हिंडतात त्यापेक्षा काही शिकतील.

मी पाण्याच्या टाकीची घंटी निवडली. टाकी भरून पाणी दोन तारांना टेकलं की घंटी वाजते. त्या उन्हाळ्यात नळ दिवसातून एकदाच यायचा. कुणाची टाकी ओसंडून रस्त्यावर पाणी आलं की भांडण ठरलेलं. त्यामुळे घंटीचं ऐकून बायाच पोरांना घेऊन आल्या. बारा जण झाले. बहुतेक शाळकरी, तीन कॉलेजच्या पोरी, आणि एक बाई.

ती बाई बीरगावहून सायकलनं यायची. माहेर गोंदियाकडचं, नवरा उरला भागातल्या एका कारखान्यात, आणि ती स्वतः स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका शेडमध्ये सोल्डरचे टाके मारायच्या कामाला. वय पस्तिशीच्या आसपास. आमच्या पाऱ्यात तिची नणंद राहायची, तिच्याकडून तिला वर्गाचं कळलं. मी विचारलं, "ताई, तुम्हाला तर हे काम येतंच. तुम्ही कशाला येता?"

"टाका माराले येते, दीदी," ती म्हणाली. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी असून सगळ्यांसारखी मला दीदीच म्हणायची. "पन तो टाका कायले मारून राहिली ते मले मालूम नाई. दिवसभर तेच चार टाके. मले ते कागदावरचं चित्र वाचता आलं पायजे."

पहिल्या दिवशी मी थैल्या फोडून पार्ट ओळखायला शिकवले. हा रेझिस्टर, हा बझर, हा ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पिनांचा काळा मणी, आणि सगळी घंटी त्याच्यावर चालते. चिठ्ठीत लिहिलं होतं, मधली पिन बेस, तिथंच पाण्याकडून येणारी तार जोडायची. मी फळ्यावर काढून दाखवलं. सगळे वहीत उतरवत होते तेव्हा ती ट्रान्झिस्टर बोटात धरून बघत होती.

"दीदी, याचा छापा हाताले लागून राहिला."

खरंच तिच्या अंगठ्यावर पांढुरकी रेघ उमटली होती. मी म्हटलं, "घामानं निघतं कधीकधी. असू द्या." आणि पुढं गेले.

मग आठवडाभर आम्ही भंगारातल्या पाट्यांवर हात बसवला. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तीच चांगलं शिकवत होती. लहान पोरांचे हात थरथरायचे, टाका गोळा होऊन बसायचा. ती मागून येऊन त्यांच्या हातावर हात ठेवायची. "आयर्न टेकव. आता तार. झालं, उचल!" टाका असा चमकायचा जसा पाण्याचा थेंब. तिचं सोल्डरिंग आयर्न तिनं शेडमधून मागून आणलेलं, जाडजूड, आमच्या आयर्नच्या दुप्पट तापायचं. पोरं माझ्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त जाऊ लागली. मला ते लागत होतं का? तेव्हा मी नाही म्हटलं असतं.

दरम्यान बाबांनी एक बातमी आणली. विहाराच्या अध्यक्षांच्या ओळखीचे एक साहेब नव्या ऑफिसात होते, तांत्रिक शिक्षणाच्या खात्यात. वर्गाच्या समारोपाला ते येणार होते. अध्यक्ष म्हणाले, "पोरीचं काम पाह्यतीन त काही ना काही होईन." त्या दिवसापासून मला झोप कमी आणि घाई जास्त. बारा घंट्या एका ओळीत ठेवायच्या, बारा पेल्यांत पाणी, आणि साहेबांसमोर एकदम सगळ्या वाजवायच्या, असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं.

समारोपाला पाच दिवस राहिले तेव्हा सगळ्या पाट्या तयार झाल्या. मी स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. पहिली घंटी लावली. वाजली, पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसरी गप्प. तिसरी गप्प. चौथी वाजली. त्यानंतर आणखी एकच वाजली. बारांतल्या नऊ मुक्या.

बॅटरी बदलली. बझर थेट बॅटरीला लावून पाहिले, सगळे ओरडले. टाके भिंगाखाली पाहिले, कुठं खोट नाही. एक पोरगी रडायला लागली. मी त्या नऊ पाट्या पिशवीत टाकल्या आणि तशीच उन्हात गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. किट तिथल्याच एका दुकानातून घेतले होते.

दुकानदारानं एक पाटी उचलून पंख्याखाली नुसती फिरवली. "ट्रांजिस्टर जल गया है, बेटा."

"नवीन है भैया. नऊ के नऊ?"

"तो नौ के नौ जलाए होंगे. लोहा ज़्यादा देर रख दिया. बच्चों के हाथ से यही होता है. हमारा माल टेस्टेड आता है."

नऊ सुटे ट्रान्झिस्टर घेऊन मी निघाले. रिक्षात बसल्या बसल्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ते जाडजूड आयर्न. नऊपैकी सात पाट्यांवर तिचा हात लागलेला होता. उरलेल्या दोन तिनं हातातही घेतल्या नव्हत्या, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. रिक्षा घराशी येईपर्यंत मी त्या दोन पाट्या विसरून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रात्रपाळी करून सरळ वर्गावर आली. डोळे लाल. सायकल लावून आत येते न येते तोच मी म्हटलं, "ताई, ट्रान्झिस्टर जळाले. तुमच्या आयर्ननं. तुम्ही हात लावला त्या सगळ्या पाट्या गेल्या."

सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला.

"माह्यानं?" ती म्हणाली. "दीदी, मी दहा वर्षांपासून टाके मारून राहिली. दोन सेकंदाच्या वर आयर्न ठेवत नाई."

"हे नाजूक पार्ट असतात. तुमच्या शेडमधल्या जाड तारा नाहीत या. आणि प्रत्येकाच्या पाटीत हात घालायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?"

तिनं पिशवीतून आयर्न काढलं, वायर गुंडाळली, परत पिशवीत ठेवलं. दाराशी पोचल्यावर क्षणभर थांबली, मला वाटलं काही बोलेल. पण ती चप्पल शोधत होती. मग सायकलची घंटी न वाजवता निघून गेली. मी वर्ग पुढे चालू केला. कुणीच काही विचारत नव्हतं, आणि इतका शांत वर्ग मला नको होता.

त्या दुपारी कूलरसमोर बसून मी पहिल्या पाटीचा जुना ट्रान्झिस्टर उपसला आणि नवा लावला. स्वतःच्या हातानं, माझ्या लहान आयर्ननं, पिनेला चिमटा लावून, टाक्यावर ओला कपडा धरून. एवढी काळजी कुणी बाळाचीही घेत नसेल. पेल्यात तारा सोडल्या.

गप्प.

दुसरी पाटी. गप्प. कूलरची हवा असून पाठीवरून घामाचे ओघळ. तिसरीही गप्प. आता काय, माझ्या हातानंही जळाले? मी उठले, पाणी प्याले, परत बसले, परत उठले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं काय तुले?" मी म्हटलं, "काही नाही." आणि मग त्या दोन पाट्या आठवल्या, ज्यांना तिनं हातही लावला नव्हता.

बाबा साडेपाचला आले. मी सगळं सांगितलं, अगदी वर्गात बोलले तेही. त्यांनी बूट काढले, मोजे झटकले, त्यांचा जुना काट्याचा मीटर आणून माझ्यासमोर ठेवला. "तुले काय वाटते, दुकानदाराले काय वाटते, ते सोड. मीटर काय म्हनते ते पाह्य. आन लावलेला नको पाहू. थैलीतला नवा घे."

उरलेल्या सुट्यांतला एक मी उचलला. चांगल्या ट्रान्झिस्टरमध्ये बेसवर एक टोक ठेवलं आणि दुसरं टोक उरलेल्या दोन्ही पिनांना एकेक करून लावलं, की दोन्ही वेळा काटा उठतो. मधल्या पिनेवर टोक ठेवलं. एका बाजूला काटा हललाच नाही. टोकं उलटी केली. तरी दोन्हीकडे उठेना. "मेलेलाच आहे, बाबा."

"बाकीच्या पिना पाह्यल्या?"

मी चिडून कडेच्या पिनेवर टोक ठेवलं. काटा उठला. दुसऱ्या पिनेला लावलं. पुन्हा उठला. मी पाच-सहा वेळा तेच केलं. चिठ्ठीत मधली पिन बेस होती, आणि या ट्रान्झिस्टरचा बेस उजव्या कडेला होता. पार्ट मेलेला नव्हता. तो दुसऱ्याच कुठल्या नंबरचा ट्रान्झिस्टर होता. मी अंगठ्यानं त्याचा छापा घासला. पांढरी अक्षरं पुसली गेली आणि खाली अंधूक, कोरल्यासारखा वेगळा नंबर दिसला.

कुणीतरी जुना नंबर झाकून वर खपणारा नंबर छापला होता. दिल्लीत की आणखी कुठं, कोण जाणे. ज्या तीन घंट्या वाजल्या त्यांच्या थैलीत योगायोगानं खरा माल निघाला होता.

माझा अंगठा पांढरा झाला होता. पहिल्या दिवशी तिनं तेच दाखवलं होतं.

मी लगेच एका ट्रान्झिस्टरच्या पिना वाकवून एकीवरून दुसरी नेली, मध्ये वायरचं प्लास्टिक सोलून बसवलं की एकमेकींना लागू नयेत, आणि पाटीवर लावला. पेल्यात तारा सोडल्या. घंटी एवढ्या जोरात ओरडली की आई धावत आली. जळालेले म्हणून उपसून ठेवलेलेही मीटरवर पाहिले, तेही ठणठणीत. मी दुसरी पाटी ओढली तेव्हा बाबांनी आयर्नची पिनच सॉकेटातून काढली.

"आधी बीरगावले जाऊन ये. मंग झाळत बस."

"समारोपानंतर जाते, बाबा. चारच दिवस आहेत. नऊ पाट्या—"

"हव ना. चार दिवस हायेत. म्हनून उद्या सकाळीच जाजो."

सकाळी टेम्पोनं गेले. बीरगावात पत्ता विचारत विचारत एका शेडमागच्या वस्तीत पोचले. हवेत कोळशाची काळी कणी, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरही ती बसलेली. तिची सासू दारात भाजी निवडत होती. "सो रही है, नाइट करके आई है," म्हणाली, पण आतून तिनं माझा आवाज ओळखला असावा. केस बांधत बाहेर आली. मला खाट दिली, पाणी दिलं. स्वतः उभीच राहिली.

मी सगळं सांगितलं. छापा, पिना, मीटर. थैलीतून ट्रान्झिस्टर काढून दाखवला. "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माफ करा, ताई."

तिनं ट्रान्झिस्टर घेतला, घासला, खालचा नंबर उजेडात धरून वाचला. मग म्हणाली, "शेडमंदीबी असंच हाये. पीस फेल झाला का पह्यले टाके मारनारीचं नाव. पार्ट कोनी नाई पाह्यत. तिथं मी काही बोलत नाई, पोटाचं काम हाये. तुमच्याकडं मी शिकाले येत होती, दीदी."

मी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"तुमी माफी मागितली, ठीक हाये," ती म्हणाली. "पन बोलल्या सगळ्याइच्या समोर. इथं येऊन एकटीले सांगून काय होते? त्या पोट्ट्याइले त अजून वाटत असन का त्याइच्या घंट्या मीनंच जाळल्या."

"मी सगळ्यांसमोर सांगेन. समारोपाला. तुम्ही याल?"

"पाहीन," ती म्हणाली आणि रिकामा पेला माझ्या हातातून घेतला.

दोन दिवसांत पाट्या दुरुस्त झाल्या. आठ वाजल्या. एक शेवटपर्यंत वाजली नाही. तिचा पार्ट न् पार्ट मी बदलला आणि ती का वाजली नाही हे मला आजही माहीत नाही.

समारोपाच्या सकाळी मी मनाशी हिशेब केला होता, की साहेब यायच्या आधीच पोरांना सांगून मोकळी होईन. पण साहेब अर्धा तास आधीच आले. अध्यक्षांनी हार घातला, लगेच मला बोलायला उभं केलं. समोर पहिल्या रांगेत साहेब, मागे पाऱ्यातल्या बाया, पोरं. आणि अगदी शेवटी, दारातल्या खांबाला टेकून, ती. पदरानं घाम पुसत होती, नुकतीच पोचली असावी.

मला अजून आठवतं, त्या क्षणी मी पळवाट शोधत होते. आधी घंट्या दाखवू, साहेब गेले की सांगू. अध्यक्षही खुणावत होते, थोडक्यात आटप. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या पाट्या मोजत असावी.

"घंट्या वाजवण्याआधी एक सांगायचं आहे," मी म्हटलं. "चार दिवसांपूर्वी मी या वर्गात म्हटलं, की ताईंच्या हातानं ट्रान्झिस्टर जळाले. ते खोटं होतं. ट्रान्झिस्टर जळाले नव्हतेच, त्यांच्यावरचा छापा खोटा होता. ताईंनी पहिल्या दिवशीच मला तो दाखवला होता. मी लक्ष दिलं नाही, आणि नंतर तपासल्याशिवाय त्यांचं नाव घेतलं. त्यांचा एकही टाका चुकलेला नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बायांत कुजबुज झाली. एक पोरगी मागे वळून मोठ्यानं म्हणाली, "ताई, इकडे आओ ना!" आणि तिला हात धरून पुढे आणलं. मी ट्रान्झिस्टर तिच्या हातात दिला. तिनं काही भाषण केलं नाही. पोरांना जवळ बोलावलं आणि अंगठा घासून दाखवला. "हे पाहा. छापा हाताले लागला का थांबाचं. मंग मीटर लावाचा. मंग आयर्न." एवढंच.

मग अकरा घंट्या वाजल्या. एकदम नाही, मागेपुढे, कर्कश, कानठळ्या बसाव्यात अशा. साहेब हसले, "वाह वाह, बहुत बढ़िया," म्हणाले आणि चहा न घेता गेले. त्यांच्या खात्यातून मला कधीच बोलावणं आलं नाही. अध्यक्ष कित्येक दिवस बाबांना सांगत होते, की पोरीनं नको तिथं नको ते बोलून घालवलं. बाबा नुसते "हव" म्हणायचे.

समारोप झाल्यावर ती सायकल काढत होती. मी जवळ गेले. मला वाटत होतं, आता ती हसेल, सगळं मिटलं म्हणेल. तसं काही झालं नाही. "चित्र वाचनं राहूनच गेलं," ती म्हणाली. "इतवारी मले सुट्टी राह्यते."

त्यानंतर पावसाळाभर ती दर रविवारी आमच्या ओसरीवर यायची. मी तिला सर्किटचं चित्र वाचायला शिकवलं. ती शेडमधल्या स्टॅबिलायझरच्या आतलं आठवून कागदावर काढायची आणि आम्ही दोघी मिळून शोधायचो, की तिचे ते चार टाके नेमकं काय जोडतात. चौथा सापडला तेव्हा तिनं चारही टाक्यांभोवती पेन्सिलीनं गोल काढले. शेडमध्ये पुढे पीस फेल झाला की ती सुपरवायझरला म्हणायची, मीटर आना. पहिल्यांदा त्यानं झिडकारलं. दिवाळीनंतर म्हणाली, की आता तपासायच्या टेबलावर तिलाच बसवतात.

मला शेवटी कोरब्याला एका शाळेत नोकरी लागली. जायच्या आदल्या रविवारी ती आली ती वही घेऊनच. ट्रान्झिस्टरच्या चिन्हातल्या बाणावर बोट ठेवून म्हणाली, "दीदी, तुमी सांगितलं का विजेचे कन इकडून तिकडं जातात. मंग हा बान उलटा काहून काढला?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून तसंच ठरलंय. सगळे तसाच काढतात."

"ठरवलं कोनं?"

मी पुस्तकात बघून कळवते म्हटलं. तिनं मान हलवली, बाणाशेजारी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटून पुढचं विचारायला लागली.